बिनराखणीचं दुकान

आइजॉलच्या रस्त्याला, वळणापाशी, माझं दुकान:
चार बांबू, तीन फळ्या, वर गवत.
पुठ्ठ्यावर कोळशाने भाव.
मोहरीची जुडी वीस, मिरच्यांचा वाटा दहा,
अंडी, सहाची पुडी, साठ.
खिळ्याला बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला चीर.
राखणदार नाही.
आमच्या डोंगरात अशी दुकानं असतात.
मी तेव्हा खाली उतारावर, आल्याच्या वाफ्यांत.
लोक घेतात, पैसे टाकतात,
सुट्टे हवे असतील तर डबा उघडून आपले आपण काढतात.
मैदानातला ट्रकवाला पहिल्यांदा येतो, तेव्हा
भोपळा हातात धरून हाका मारतो,
"कोणी आहे का?"
आहेस ना तू.
एवढंच मी मनात म्हणते आणि निंदत राहते.

पण गेले पाच बुधवार हिशेब चुकला.
दर बुधवारी एक पुडी.
मंडळीतले वडील म्हणाले, कुलूप लाव.
माझा झोवा म्हणाला, दडून बघ.
दडले.
केळीमागे, चिखलात, गुडघे बधिर होईस्तोवर.
शाळेच्या दोन पोरी आल्या, पेरू घेतले,
धाकटीने नाणी दोनदा मोजली.
मग आली थांगसिआमी.
माझी भावजय.

सहा वर्षं आम्ही बोललो नाही.
आईनं स्वतः विणलेलं लाल काठाचं पुआन
तिनं आपल्या पेटीत ठेवलं, आणि मी जे बोलले
ते पुन्हा सांगत नाही, तुला पाठ असेल.
रविवारी ती तिसऱ्या बाकावर, मी पाचव्या.
ढोल वाजला की आमचे आवाज मात्र
एकाच ओळीत शेजारी शेजारी उभे राहायचे.

तिनं पुडी उचलली.
डब्याकडे बघितलं नाही, पुठ्ठ्याकडेही नाही.
अंडी छातीशी धरली, जशी अजून उबायची होती.
रुआला, माझा भाऊ, उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलाय
हे मी ऐकलं होतं.
ऐकलं होतं, आणि भाताला आधण ठेवलं होतं.

ओरडायला तोंड उघडलं.
तेवढ्यात ध्यानात आलं,
आज दुकानाला राखणदार आहे.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
तोंड मिटलं.
तिनं नेलं त्याचा भाव साठ.
मी केळीमागे बसून जे हलवलं
त्याचा भाव मला लिहिता येईना.

रात्री तांदूळ धुण्याआधी
नेहमीची एक मूठ मंडळीच्या पिशवीत टाकली.
किती सोपी असते ती मूठ,
ज्याचं तोंड कधी बघितलं नाही, त्या भुकेल्याची!
मग प्रार्थना.
ऋणांची ओळ आली, जिथून माझी जीभ
रोज भरभर निघून जाते.
आज अडली.
झोवा म्हणाला, आई, पुढे?

पुढच्या बुधवारी भाव खोडला नाही.
फुकट असं लिहिलं असतं, तर ती उपाशी परत गेली असती;
तिला मी ओळखते.
पुडीत सहाऐवजी दहा बांधली आणि उतार उतरले.
मागे वळून बघायचं नाही, ठरवलं होतं.
एकदा बघितलं.
धुकं होतं.

संध्याकाळी पुडी जागेवरच,
सोडून पुन्हा बांधलेली, गाठ तिची.
आत चार अंडी.
डब्यात पंधरा रुपये, घामाने मऊ झालेले,
नखाएवढ्या घडीत.
पंचेचाळीस बाकी, मन म्हणालंच.
म्हणू दे, जन्मभर तराजूपाशी बसलेलं.
चार अंडी टोपलीत घेतली,
वर थोडी मोहरी,
आणि भावाच्या घराचा चढ चढले.

दारातलं कुत्रं भुंकलं.
या सहा वर्षांतलं असणार, मला ओळखेना.
आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
मग तिचा:
"कोण आहे?"