वीस लिटरचा डबा

मेहुण्याने डबा दिला तेव्हा त्याचं सीलही तुटलं नव्हतं.
खाण बंद पडली, ट्रक परसात चार दगडांवर,
आणि हे तेल, वीस लिटर, ट्रकचं.
म्हणाला, घाल तुझ्या गाडीत. इंजिन म्हणजे इंजिन.

मी पायलट. डिचोली स्टँडवर पिवळ्या मडगार्डची गाडी, अकरा वर्षं.
दुकानात मोटरसायकलचं खास तेल लिटरला पाचशे वीस.
बाटलीवर कुणी गोरा गुडघा रस्त्याला टेकवून वळण घेतोय.
माझा गुडघा टेकतो तो फक्त प्लग साफ करताना.
पाचशे वीस म्हणजे साखळीच्या सहा फेऱ्या,
आणि त्यातले दोघे उधारीवाले.

तर घातलं.

महिनाभर काही झालं नाही. हे सांगायला हवं,
लोक गोष्ट सांगताना हा महिना गाळतात.
उलट गाडी मऊ झाली, गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडू लागले.

मग एका गुरुवारी, मयेच्या चढणीवर,
मागे सिताकांत सर, मांडीवर पेन्शनच्या कागदांची पिशवी,
आवाज वाढला आणि वेग उतरला.
सर म्हणाले, नुसती ओरडतेय रे, जात नाही कुठे.
आमच्या ग्रामसभेसारखी.
उतरले, चालत गेले.
भाडं पूर्ण दिलं, त्याची लाज वेगळी.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात हजर, खिशात भिंग.
बाटली फिरवून मागचं वाचू लागले.
चित्र बघू नकोस, म्हणाले,
कामाचं असतं ते मागे, मुंगीच्या अक्षरांत.
कारचा क्लच कोरडा, तुझा तेलात बुडालेला.
तुझ्या तेलाने पिस्टन घसरू द्यायचा
आणि क्लच धरून ठेवायचा,
एकाच भांड्यात, एकाच वेळी.
ट्रकच्या तेलाचं मात्र मला नक्की ठाऊक नाही.
मग थांबून, जरा स्वतःशीच:
तीस वर्षं घर्षण शिकवलं,
फळ्यावर त्याचा बाण कायम उलटाच काढला.

घेतली बाटली. दुकानदाराला हुरूप आला.
चेनचा स्प्रे, टाकीचं पॉलिश,
आणि एक फडकं, खास मोटरसायकलचं, एकशे नव्वद.
फडक्याला काय कळणार ते काय पुसतंय?
चेनला मी नव्वद नंबरचं तेल लावतो, जुन्या टूथब्रशने.
माझं फडकं म्हणजे माझाच जुना युनिफॉर्म,
त्याला खिसा अजून आहे.

नवं तेल घातलं.
त्याच चढणीवर गाडी पुन्हा ओरडली.

रुझार मेस्ताने क्लच उघडला,
प्लेटा एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या.
काळ्या, झिजलेल्या, करपल्या भाकरीच्या वासाच्या.
तेलाने झालं?
तो हात पुसत राहिला.
तेलाक एकट्याक कित्याक मारता?
अकरा वर्षं, दिवसाला वीस चढणी,
वर अर्धा क्लच दाबून गिऱ्हाइकाशी भाव करायची तुझी खोड.
तेलाने चार महिने अलीकडे आणलं असेल.
नसेलही.

आता प्लेटा नव्या, बाटली नवी, गाडी धरते.
कुणामुळे धरते ते मी वेगळं काढू शकत नाही,
पाचशे वीस मात्र देतो.
मागे सर बसतात.

मेहुणा दर रविवारी ट्रक सुरू करतो, दहा मिनिटं.
धूर पेरूच्या झाडात शिरतो, चाकं घरात, पलंगाखाली.
परवा त्याने विचारलं, तेल कसं निघालं?
डबा माझ्या न्हाणीमागे, एकोणीस लिटर शिल्लक.
म्हटलं, बरं होतं. गिअर मऊ पडायचे.
बघ, म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला,
मग इंजिन बंद करून आत गेला
दुसरा डबा आणायला.