नऊ किलोमीटर

साखळीच्या बाजारातून निघते तेव्हा तिला काही नसतं.
एका किकमध्ये उठते.
पाचशे सीसीचं एकच सिलिंडर,
धप् धप् धप्,
कांडपिणीनं मुसळ टाकावं तसं,
मधे पुरेशी जागा सोडून.

पर्ये ठीक. मोर्ल्याचा चढ ठीक.
केरीच्या अलीकडे, काजूंच्या वळणावर, शिंकते.
कार्ब्युरेटरातून, उलटी.
आणखी एक शिंक,
मग नुसती चेनची करकर
आणि रस्त्याकडेच्या कुत्र्याची चौकशी.

मी उतरते. टाकीचं झाकण उघडून बघते.
पेट्रोल असतं.
झाकण लावते, दगडावर बसते.
दहा मिनिटांनी किक मारली की
जणू काही घडलंच नाही.

फोंड्याच्या एका पायलटाची ही गाडी, बीएसए, एक्कावन्नची.
मडगार्डवरचा पिवळा मीच खरवडला;
खाली आणखी एक पिवळा होता,
त्याच्याखाली काळा, त्याच्याखाली पत्रा.
रात्री-रात्री निकेल घासत बसले.
झाकण तर असं चकचकलं
की त्यात माझं नाक दिसायचं, बटाट्याएवढं.

मी आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये असते.
लोकांचा ताप काचेवर पसरून बघणं हे माझं काम.
म्हणून वही केली :
तारीख, ऊन, पेट्रोल, कुठे थांबली.
प्लग बदलला. पॉइंट घासले.
जेट फुंकला, शिट्टी वाजेपर्यंत.
फ्लोट कानाशी हलवला, आत थेंब नव्हता.
सगळ्यांचा संशय कंडेन्सरवर :
तापला की दगा देतो, म्हणाले.
मॅग्नेटो बेळगावला गेला,
दीड महिना आणि बारा हजार.
परत आला.
नऊ किलोमीटर.

शेवटी इनास मेस्त.
उजव्या कानानं कमी ऐकतो,
म्हणून स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ दातांना लावतो.
डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला.
प्लग काढून उन्हात धरला. राखेसारखा पांढरा.
"उपाशी," म्हणाला. "पेट्रोल भरपूर आणि हें उपाशी."

मागं बसून आला. काजूंचं वळण. शिंक. शिंक.
मी सवयीनं झाकणाकडे हात नेला.
"हात लाव नाका, बाय!"

आणि मला आठवलं,
पहिल्याच महिन्यात आम्हाला शिकवलेलं :
ताप चढलेला असताना रक्त घ्या.
उतरल्यावर काचेवर काही सापडत नाही.
दर वेळी मीच ताप उतरवत होते,
आणि मग वहीत लिहीत होते, कारण अज्ञात.

इनासनं कार्ब्युरेटरचा वाडगा उघडला. कोरडा.
मग माझा हात धरून झाकणावर ठेवला.
"आतां उगड. आनी आयक."

स्स्स...
सोड्याची बाटली फोडावी तसा, पण उलटा,
आत जाणारा आवाज.

झाकणाला एक भोक असतं, मोहरीएवढं.
वारा आत गेला नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही.
माझं भोक मी घासून-घासून बुजवलं होतं;
त्यात पॉलिशचा हिरवा लगदा वाळून बसलेला.
इनासनं सुई मागितली.
माझ्या पर्समध्ये सुया असतातच.

दहावा किलोमीटर. अकरावा.
वहीत यांच्यासाठी रकानाच आखला नव्हता.
घाट सुरू झाला, इनास मागून काहीतरी ओरडत होता,
मला ऐकू येत नव्हतं, त्यालाही नसावं.

चोर्ल्याच्या माथ्यावर पुन्हा शिंकली. थांबली.
आम्ही दोघंही झाकणाकडे बघत राहिलो.
उघडलं.
आवाज नाही.
पेट्रोलही नाही.

इनास इतका हसला
की त्याला रस्त्यातच बसावं लागलं,
आणि मागून येणारा भाजीचा टेम्पो
हॉर्न वाजवायचा विसरून थांबला.