प्रणोती, तुझी यादी मिळाली

प्रणोती, तुझी यादी मिळाली.
बावन्न वस्तू, तीन रंगांच्या शाईत,
आणि सगळ्यात खाली, वेगळ्या अक्षरात, तुझ्या आईचा प्रश्न:
कुकर द्यायचा का, तीन लिटरचा?

मी आत्ता डंडीत, हिलटाउनच्या चढावर,
तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत बसलेय
जी सप्टेंबरपासून तुझी.
खिडकीतून टे नदी दिसते, म्हणजे
दोन धुराड्यांच्या मधे राखाडी पट्टीएवढी.
जाहिरातीतलं नदीचं दृश्य ते हेच.

कुकर आण.
पहिली शिटी झाली की खालची मॉरीन
काठीनं तिचं छत ठोकेल, म्हणजे तुझी जमीन.
घाबरू नकोस. वाटीभर आमटी नेऊन दे.
ती म्हणेल, फारच तिखट. वाटी घासून परत करेल.
पुढच्या रविवारी पुन्हा ठोकेल,
पण निराळं ठोकेल. कळेल तुला.

पासपोर्टचे बत्तीस फोटो घरीच राहू देत.
मी वर्षभरात एकच वापरला,
तोही पुस्तकात खूण म्हणून.
दहावीच्या गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रतीही नकोत.
व्हिसावाल्यांनी एकदा पैन् पै मोजून घेतली
की मग इथं कुणी काही मागत नाही.
काहीच विचारत नाहीत, याची सवय व्हायला वेळ लागतो.

हिंग तीन पिशव्यांत बांध.
मी एकीत बांधला होता.
ऑफर लेटरला अजून वास येतो.

छत्री नको. इथला वारा छत्रीला जुमानत नाही.
जाकीट चॅरिटीच्या दुकानात घे, सहा पौंडांत.
खिशात कुणाचंतरी बसचं तिकीट निघेल.
टाकून दे. मी ठेवलं होतं, उगीच.

पलंगाखाली खोका आहे, तुझ्यासाठी.
तवा, बिनकानाची कढई, गरम पाण्याची रबरी पिशवी,
आणि एक जाड दुलई, जी माझीही नव्हे.
माझ्या आधी इथं चिनेन्ये होती, एनुगूची.
तिनं मला ठेवली. तिला कुणी, ते विचारायचं राहिलं.
लाल पुडीची बाटलीही तिचीच.
मिरचीच आहे, पण आपल्या मिरचीसारखी बोलत नाही.
जपून.

आता तू विचारलं नाहीस ते.

पहिले काही महिने तू सगळं गुणत राहशील:
दूध गुणिले एकशे दहा, बस गुणिले एकशे दहा,
वडिलांनी गहाण टाकलेला प्लॉट
भागिले आज चुकलेलं लेक्चर.
रात्री झोप आली नाही तर तिचाही हिशेब निघेल.
मग कधीतरी दुकानात टोमॅटो हातात घेशील
आणि तो नुसता टोमॅटो असेल.
त्या दिवशी पोचलीस असं समज.
विमानाचं धरू नकोस, ते फार आधी उतरलेलं असतं.

मी कुठं चाललेय, विचारलंस.
शनिवारी बसने पर्थला.
वृद्धाश्रमात रात्रपाळी, राहायची खोली त्यांचीच.
घरी सांगितलंय, मोठं हॉस्पिटल.
बार्शीत माझी मावशी तुमच्याच गल्लीत आहे,
तेव्हा तुझ्या आईला यातलं नको.
खोटं म्हणजे तसं काही नाही,
माणसं तिथंही आजारीच असतात.

माझीही यादी झाली. नऊ वस्तू.
बसमध्ये कुणी वजन करत नाही,
तरी सकाळपासून चार वेळा बॅग उचलून पाहिली.

एक मात्र कर.
कुकरची रबरं दोन आण, तीन लिटरचीच.
एक माझ्यासाठी. इथं कुठं मिळालं नाही.
मार्चपासून माझ्या कुकरला शिटी येत नाही.

परवा जिन्यात मॉरीन थांबली,
काठी भिंतीला टेकवून म्हणाली,
बरी आहेस ना गं?