साडेतीन हेलकावे

विल्फ हारलंडनं मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकले,
अंगाचा भार टाकला, आणि हात काढून घेतले.
लँडरोव्हर वर आली, खाली गेली,
वर, खाली,
वर, खाली, आणि मग अर्धवट एकदा,
सभेत उठून काही न बोलता बसणाऱ्या माणसासारखी.
"साडेतीन," तो म्हणाला. "एक पुरे असतो."

पिकरिंगच्या बाहेर, फाटकापलीकडे त्याचं गॅरेज.
जुना शॉकअप काढून त्यानं माझ्या हातात दिला:
तेलानं ओला, धूळ बसून काळा,
रबराच्या बुशीला टाचेसारख्या भेगा.
दांडा दाबला तर सरळ आत गेला,
कसलीही हरकत न घेता.
तेवढ्यावरून कळलं, मेलाय.

कॅटलॉगात सगळ्या गाड्या हवेत.
लाल वाळवंट, चारही चाकं अधांतरी.
मला उडायचं नाही, मी म्हटलं.
मला ऑगस्टात पहाटे चारला
माश्यांच्या सहा पेट्या घेऊन
रोझडेलच्या वरच्या माळावर जायचंय, हेदर फुललं की.
त्यानं कानावरची पेन्सिल काढली.
"एक पेटी किती किलो?"

जाताना पंचवीस. येताना, देवानं दिलं तर, चाळीस.
मग कुणासाठी घ्यायचे,
जाणाऱ्या गाडीसाठी की येणाऱ्या?

साधे, तेलाचे, दुहेरी नळीचे: स्वस्त,
पण लांबच्या खडबडीत वाटेवर तेल तापतं, फेसाळतं,
आणि नेमके शेवटच्या मैलाला हात वर करतात.
गॅसचे: कडक. रिकाम्या गाडीत
प्रत्येक खडा मणक्यानं मोजून घ्यावा.
आणि ते निळे, बाजूला बटण, नऊ खटके.
चौघांची किंमत ऐकून मी
खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघितलं.

विल्फ म्हणाला, नावच खोटं आहे यांचं.
धक्का हे खातच नाहीत. धक्का खाते स्प्रिंग.
हे फक्त नंतरचं आवरतात.

नंतरचं.
त्याला हवं होतं वाट कशी आहे ते,
आणि त्याच्या भाषेत माझ्याकडे एकच शब्द, बम्प.
मराठीत विचारलं असतं तर सांगितलं असतं:
गेटपाशी गचके, ओढ्यात हिसका,
चढावर दगडांचे दणके,
आणि माथ्यावर ते बारीक थरथरणं,
पत्र्याच्या वळ्यांवरून नख ओढावं तसं,
त्याला आपल्याकडेही शब्द नाही.

मागच्या वर्षी चौथ्या पेटीत
नवं, पांढरं, लोण्यासारखं पोळं चौकटीतून सुटलं.
मी पेटीला कान लावला.
दणका बसला की गुणगुण चढते,
उतरायला किती आकडे लागतात ते मी मोजते.
वीस. फार तर तीस.
त्या दिवशी दोनशेपर्यंत मोजलं.
राणी तळाशी सापडली, पोळ्याखाली.
दामोदर म्हणाला, चल आता, बाकीच्या उन्हात आहेत.
गाडी तो चालवत होता.
त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

मागचे दोन निळे घेतले, पुढचे दोन साधे.
विल्फच्या शास्त्रात हे बसेना,
पण माझ्या पर्समध्ये बसलं.
जाताना चौथा खटका, येताना सातवा,
त्यानं पावतीच्या पाठीवर लिहून दिलं.
मग मागच्या कोपऱ्यावर मी स्वतः भार टाकला.
गाडी वर आली.
थांबली.

शनिवारी दामोदर ती रिकामीच
गेटपर्यंत फिरवून आला.
"कडक झालीय," म्हणाला.
मी म्हटलं, भरल्यावर बघ.
त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली, पावती उलटी करून वाचली,
परत सुलटी केली.
"येताना," तो म्हणाला, "तू चालवशील?"