टणक बी

बावीस वर्षं मी शंभरात मोजत आले.
जालन्याच्या एमआयडीसीत, बियाणं तपासायच्या खोलीत,
ओल्या कागदावर मुगाचे शंभर दाणे,
दहाच्या दहा ओळी,
वर दुसरा कागद, मग सुरळी, रबर, तारीख,
आणि पंचवीस अंशाच्या कपाटात उभी.
पाचव्या दिवसाआधी उलगडायची नाही,
हे हीनाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

म्हणून डॉक्टर तस्नीम म्हणाल्या, "शंभरातले साधारण…"
तेव्हा मी मध्येच बोलले.
मॅडम, उरलेल्यांचं सांगा.
आमच्याकडे उरलेल्यांनाही रकाने असतात :
वाकडे, कुजलेले आणि टणक.

त्यांनी रिपोर्ट उलटा केला.
निळ्या पेनानं माणूस काढला, तोंड नसलेला.
मानेत, काखेत, जांघेत टिंबं दिली.
"ह्या चौक्या. रक्ताच्या बाजूनं आणखी एक पाणी वाहतं,
त्यातल्या पेशी पहारा करतात,
ड्यूटी संपली की मरतात.
तुमच्यातल्या काही मरायचं विसरल्यात."

मरायचं विसरणं हा आजार असतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

बसमध्ये दिगंबर रिपोर्ट धरून बसला.
बदनापूर येईस्तोवर म्हणत होता,
"लायपोमा असंल गं, आमच्या फोरमनला होता, चरबीची गाठ."
मी म्हटलं, लिम्फोमा.
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एका अक्षराचा तर फरक."

हळू वाढणारा आहे, मॅडम म्हणाल्या होत्या.
आत्ताच औषध सुरू करता येईल,
किंवा दर तीन महिन्यांनी बघत राहता येईल.
काही न करणं हाही उपचारच, फक्त बिल लहान.

रोलिंग मिलमधल्या माणसाला हे कसं पटावं?
"लोखंड लाल झालं की हाणायचं असतं.
गाठ दिसू राह्यली अन् आपण नुसतं बघत बसायचं?"
मंठ्याच्या जाऊबाईनं पुडी पाठवली.
घेतली नाही. फेकलीही नाही.
मिसळणाच्या डब्यामागं आहे अजून.

मी थांबायचं ठरवलं.
लोक म्हणाले, धीराची बाई.
मार्चात नमुन्यांची रांग लागते, असं मी सांगायची.
खरं म्हणजे केस.
एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस एवढा मोठा निर्णय घेतो
आणि तो चुकत नाही, असंही होतं.

चौदा महिने.
रोज रात्री मानेवर बोट.
मूग. मूग. मूग.
दिवाळीनंतर हरभरा.
मग एका थंडीत उशी भिजली, गोधडी भिजली,
दिगंबरनं दिवा लावला आणि काहीच बोलला नाही.
त्यानं "बघ, मी म्हणत होतो" म्हटलं असतं
तर बरं झालं असतं.

पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा दोन वाटा.
एकच औषध, आठवड्याला एक, चारदा,
की त्याच्या जोडीला दुसरंही, सहा महिने.
मॅडम, तुम्ही असता तर?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"मी असते तर घाबरले असते.
मग जोडीचं घेतलं असतं."
पहिलं वाक्य नसतं
तर मी दुसऱ्यावर सही केली नसती.

आज तिसरी खेप.
बाटलीतलं थेंबथेंब उतरतंय,
शेजारच्या खाटेवर सेलूची पोरगी गणिताचा अभ्यास करतेय.
हीनाचा फोन :
"मावशी, शंभरात नऊ दाणे तसेच राह्यले. फुगले नाहीत, कुजले नाहीत.
मेलेल्यात धरू?"

नको, म्हटलं. ते टणक.
जिवंत आहेत, फक्त पाणी आत घेत नाहीत.
त्यांचा रकाना वेगळा.

बोलता बोलता हात मानेवर गेला.
नर्स म्हणाली, हात हलवू नका.
बरोबर आहे तिचं.
कागद अजून ओला आहे.
आज कितवा दिवस, ते मी मुद्दाम मोजलं नाही.