कड

भूखंड क्रमांक एकोणीस, खारघर.
नकाशावर इथे 'हिरवळ' असं छापलेलं.
आम्ही हिरवळ घातली नाही.

पवना, शेडा, मारवेल,
आणि उताराच्या अंगाला कुसळी.
बी चांगुणाबाई पारधींनी आणलं, वाडीवरच्या माळावरून,
युरियाच्या धुतलेल्या पोत्यांत.
बिलात त्याला रकाना नव्हता.
मी 'किरकोळ'मध्ये लिहिलं : पोती दोन.

मागे झाडं आधीपासून होती, ओळीने, कवायतीला उभी.
त्या म्हणाल्या, दादा, रान असं धाडकन थांबत नाही.
उतरत येतं.
आधी ऐन. त्याच्या गुडघ्याशी मुरुडशेंग, धायटी,
करवंदीची एखादी जाळी,
मग दिंडा, तेरडा,
मग गवत.
घरात शिरायच्या आधी अंगण लागतं ना,
तसं काहीतरी ठेव.

ठेवलं.

नोव्हेंबरात सगळं तांबूस झालं
आणि तक्रार आली :
'उद्यान सुकले आहे. देखभाल शून्य. साप निघतील.'
सही, र. वि. कुलथे, सहावा मजला.
सोबत चार फोटो.
फोटो फार सुंदर आले होते.

कापायचं यंत्र आलं, पेट्रोल भरून.
चांगुणाबाई मध्ये उभ्या.
मेलं नाही ते, म्हणाल्या, पिकलंय.
भाताबद्दल बोलावं तसं.

मी तोड काढली. वाटेलगत चार फूट कापा,
बाकीचं राहू द्या.
शर्टाची कॉलर कडक असली
की खालचं चुरगळलेलं मुद्दाम वाटतं.

कुलथे पाहणीला आले, छत्रीने गवत बाजूला सारत,
आणि मोजेभर कुसळं घेऊन बाकावर बसले.
एकेक उपटत होते, शिव्या पुटपुटत.
मुनियांचा थवा उतरला, उडाला,
त्यांनी वर पाहिलं नाही.

चांगुणाबाईंनी त्यांच्या हातातलं एक कुसळ घेतलं,
थुंकीने ओलं केलं,
आणि परत त्यांच्याच तळहातावर ठेवलं.

ते फिरू लागलं.
आपलं आपण, पीळ सोडत,
टोक खाली, कातडीत वाट शोधत.

बत्तीस वर्षं लेथवर काढली होती माणसाने,
ठाणे-बेलापूर रोडच्या एका कारखान्यात,
जिथे आता काचेची इमारत आहे.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला.
बराच वेळ.
मग मला विचारलं,
'याचा पिच किती असेल हो?'

मला माहीत नव्हतं.
चांगुणाबाईंना प्रश्न कळला नाही,
त्या हसल्या.

तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही.
वहीत अजून 'प्रलंबित' आहे.
फक्त सकाळी फेरीला येतात तेव्हा
फरशीवरून चालत नाहीत.
कापलेलं जिथे संपतं
त्या रेषेवरून चालतात,
एक पाय आत पडेल न पडेल असे.