बदलीवर येणाऱ्या ब्रायोनीसाठी

खांदा आखडलाय माझा. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे
कोपर वर न्यायचं नाही.
एकवीस वर्षं फळ्यावर लिहिलं,
त्याची ही पेन्शन समज.

ग्रिम्सबीचं वाचनालय, वरचा मजला, खोली चार.
खिडकी उघडू नकोस. गोदीकडून वारा येतो,
आणि मासळीच्या कारखान्यातून थेट वर्गात आलेल्यांना
तो वास पुन्हा नको असतो.

आधी फळा पूस. आमच्या आधीचे योगावाले
त्यावर बाण आणि सूर्य सोडून जातात.
मग दोन उभ्या रेघा ओढ, हलक्या हाताने.
डावीकडची अरुंद पट्टी तारखेची, वाराची, हवेची.
हवा रोज लिहायची. बसथांब्यावर अनोळखी माणसाशी
इथे तेवढंच बोलता येतं.
मधली जागा धड्याची.
उजवीकडे वाट चुकून आलेले शब्द.
कुणाला 'ओव्हरटाइम' लिहायचा असतो,
कुणाला 'मोल्ड', म्हणजे भिंतीवरची बुरशी,
घरमालकाला आज रात्रीच सांगायची असते.
ही पट्टी सगळ्यात आधी भरते.

लिहिताना बाजूला सरकून उभी राहा.
पाठ फिरवून पाठ देता येत नाही.
आणि लिहिताना बोलू नकोस,
मार्करचं चुर्रचुर्र ऐकू दे त्यांना,
शब्द पुरा व्हायच्या आत कुणीतरी ओळखतंच.

लाल रंग चुकांसाठी नाही.
लाल ठिपका, शब्दात जिथे जोर येतो तिथे.
चुकीखाली नुसती रेघ ओढ आणि थांब.
थांबणं जमायला मला नऊ वर्षं लागली.

गुल आगा मागे बसेल. अक्षर पंजाएवढं काढ,
चष्मा तुटलाय त्याचा, सांगणार नाही.
रेबवारला फळ्याशी बोलावलंस
तर तो सवयीने उजव्या कडेशी जाऊन उभा राहतो,
मग स्वतःशीच हसून
अख्खा फळा ओलांडत डावीकडे येतो.
तेवढी पावलं चालू दे त्याला.

काळ शिकवायला एक आडवी रेघ पुरते.
मध्ये फुली: आत्ता.
संपलेल्याला ठिपका,
अजून न संपलेल्याला फुलीपर्यंत येणारा बाण.
शेकडो वेळा काढलंय मी हे, झोपेतही काढेन.
मार्चमध्ये ओरेसियाला विचारलं,
खेरसोनमध्ये किती वर्षं? ठिपका की बाण?
ती उठली, माझ्या हातातून निळा मार्कर घेतला.
ठिपका दिला नाही. फुलीशी थांबलीही नाही.
रेघ ओढत गेली, फळ्याची चौकट ओलांडून
भिंतीवर, दिव्याच्या बटणांखालून,
दाराच्या चौकटीपर्यंत.
तिथे मार्कर टेकवून उभी राहिली.

व्याकरणात हे बसत नाही.
मी 'छान' म्हटलं नाही, दुसरंही काही सुचलं नाही.
डायवा, जी फळ्यावरचं टिंबसुद्धा सोडत नाही,
तिने रेघ जशीच्या तशी उतरवून घेतली,
वहीतून बाकावर गेली तिची.
लेतेब्रहानने विचारलं, हे परीक्षेत येईल?
आणि सगळे हसले, ओरेसियासुद्धा, थोड्या उशिराने.

इमारत सांभाळणाऱ्या नॉर्मनने स्पिरिट लावून पाहिलं,
साबण पाहिला. पुसट झाली, गेली नाही.
तू विचारशील म्हणून लिहिते:
ती घाण नव्हे. तिच्यावर वेळापत्रक चिकटवू नकोस.

तास संपला की फळा तू पुसू नकोस.
डस्टर कुणाच्याही हाती दे.
पुसता पुसता ते एकेक शब्द मोठ्याने म्हणतात,
मी शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच सुरू केलं.
परवा 'मोल्ड' पुसताना गुल आगा म्हणाला,
फळ्यावरून गेली, आता घरातून.

चावी खाली काउंटरवर, पॅटशियाकडे.
हिरवा मार्कर सुकलाय.
नवा मागितलाय, जानेवारीत.